याकोबाचा नवस

नवसाचा विषय निघाला की आपल्यातील शिकलेला भाविक जरा अवघडतो. सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावर माउंट मेरीच्या सणाला मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे आणि मेणाची तान्ही बाळे दुकानांतून ओळीने मांडलेली असतात. ती पाहून त्याला प्रश्न पडतो, हा धर्म की बाजार? वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींत संत ज्यूडचे आभार मानणाऱ्या दोन ओळी आणि खाली कुणाची तरी आद्याक्षरे दिसली की तो पान उलटतो. आणि तोच गृहस्थ मुलीच्या बाळंतपणाच्या रात्री इस्पितळाच्या व्हरांड्यात उभा राहून मनातल्या मनात काहीतरी बोलून ठेवतो. काय बोलला ते तो पत्नीलाही सांगत नाही. धर्मगुरूंची अवस्था याहून फार वेगळी असते असे नाही. रविवारच्या प्रवचनात सौदेबाजीवर टीका होते आणि नोव्हेनाच्या बुधवारी दानपेटीकडे नजरही जाते.

प्रश्न मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘हे दे, म्हणजे मी ते देईन’ या शब्दांत प्रार्थना कितपत असते आणि व्यवहार कितपत? ज्याने सारे दिले त्याला आपण काय देऊ करतो? आणि नवस पावला नाही तर दोष कोणाचा? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत याची उत्तरे आहेत. त्यांपैकी काही पुढे येतील. परंतु आम्हांला हा प्रश्न एका अशा माणसाच्या चरित्रात तपासावासा वाटतो, ज्याचा ईशज्ञानाशी काडीचा संबंध नव्हता. तो अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरचा विनोदी नट होता. जगाने त्याला डॅनी थॉमस या नावाने ओळखले. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी त्याला पडद्यावर पाहिले असेल, म्हणून त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे.

लेबनॉनच्या उत्तरेस, कादिशा दरीच्या माथ्यावर बशर्री नावाचे गाव आहे. खलिल जिब्रान १८८३ साली याच गावी जन्मला, त्यामुळे मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. ही मॅरोनाइट ख्रिस्ती लोकांची भूमी. हे लोक बोलतात अरबी. उपासनेची परंपरा त्यांनी जपली ती सिरियाक, म्हणजे केरळातील आपल्या सिरो-मलबार बांधवांच्या उपासनेत शतकानुशतके नांदलेली भाषा. आणि निष्ठा ठेवली ती रोमच्या पोपमहोदयांशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या डोंगराळ मुलखातून हजारो कुटुंबे पोट भरण्यासाठी अमेरिकेला गेली. त्यांपैकीच एका बशर्रीच्या कुटुंबात, मिशिगन राज्यातील डीअरफील्ड येथे, ६ जानेवारी १९१२ रोजी, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणादिवशी, एक मुलगा जन्मला. त्याचे नाव मुझयाद याकूब. याकूब म्हणजे आपला याकोब. घराणे कैरूझ. दहा भावंडांचे घर. कुटुंब पुढे ओहायो राज्यातील टोलेडो शहरी स्थायिक झाले आणि मुलाचा सांभाळ बऱ्याच अंशी काका-काकूंनी केला.

शाळेतील अमेरिकन जिभांना मुझयाद याकूब पेलवेना, म्हणून तो एमस जेकब्स झाला. नाट्यगृहात मिठाई विकण्यापासून त्याची रंगभूमीशी ओळख झाली. मग डेट्रॉइटमध्ये रेडिओवर फुटकळ कामे. १९३६ साली लग्न, १९३७ च्या नोव्हेंबरात पहिली मुलगी. आणि येथेच त्याच्या चरित्रातील ती प्रसिद्ध घटना येते. खिशात शेवटचे सात डॉलर, बाळंतपणाचे बिल डोक्यावर. अशा वेळी डेट्रॉइटच्या एका चर्चमध्ये मिस्सेच्या भरात त्याने ते सातही डॉलर दानपेटीत टाकून दिले. बाहेर पडण्यापूर्वी भान आले. तेव्हा त्याने प्रार्थना केली की मला याची फार गरज आहे, ते मला परत मिळू दे. दुसऱ्या दिवशी त्याला एक छोटे काम मिळाले. मोबदला त्या सात डॉलरांच्या दसपट.

आम्हांला ही घटना आवडत नाही. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही; त्या माणसाने ती आयुष्यभर कृतज्ञतेने सांगितली. पण ती प्रवचनात सांगितली की ऐकणाऱ्याच्या कानात एकच गोष्ट राहते: सातास सत्तर. व्याजाचा हा दर कोणतीही पतपेढी देत नाही! सात डॉलर टाकून रिकाम्या हाताने घरी गेलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, आणि अशा माणसांची संख्या त्या मंदीच्या वर्षांत डेट्रॉइटमध्ये थोडी नसावी. डॅनी थॉमसचे चरित्र एवढ्यावरच थांबले असते, तर आम्ही हा लेख लिहायला बसलो नसतो.

खरा नवस पुढचा आहे. दोनएक वर्षांनी, मिळकतीचे काही खरे नाही आणि हा धंदा सोडून किराणा दुकानात नोकरी धरावी की काय अशा विवंचनेत असताना, तो संत ज्यूडपुढे गुडघे टेकून बसला. प्रेषित ज्यूड हा हताशांचा वाली. ज्याने प्रभूला धरून दिले त्या यूदाशी नामसाधर्म्य असल्याने शतकानुशतके कोणी फारसे त्याच्याकडे वळत नसे, म्हणून ज्याचे सर्व उपाय थकले तो त्याच्याकडे जाई, असे परंपरा सांगते. डॅनीने त्याला विनविले: मला माझ्या आयुष्याची वाट दाखव, मी तुझ्यासाठी देवस्थान उभारीन.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून उत्पत्तीचा अठ्ठाविसावा अध्याय आठवावा. भावाच्या रोषाला भिऊन पळालेला याकोब बेथेल येथे धोंडा उशाला घेऊन झोपतो आणि जागा झाल्यावर नवस बोलतो. देव माझ्याबरोबर राहिला, त्याने खायला अन्न आणि ल्यायला वस्त्र दिले, सुखरूप बापाच्या घरी परत आणले, तर हा धोंडा देवाचे घर होईल. अटींची केवढी ही यादी! जुन्या करारातील हा पहिला नवस आहे आणि तो एका निर्वासिताने बोललेला आहे. पवित्र शास्त्र त्याबद्दल याकोबाला एका शब्दानेही दोष देत नाही. याच याकोबाने काही दिवसांपूर्वी भावाचे कपडे अंगावर चढवून आणि हाताला करडांची कातडी गुंडाळून आंधळ्या बापापुढे भावाची भूमिका वठविली होती, हेही ध्यानात असू द्यावे.

कारण आमच्या याकूबानेही भावांचीच नावे घेतली. १९४० साली शिकागोच्या एका नाइटक्लबमध्ये त्याला काम मिळाले. दारूच्या गुत्त्यासारख्या जागी आपण लोकांना हसवतो हे घरी कळू नये म्हणून त्याने एका भावाचे डॅनी आणि दुसऱ्याचे थॉमस अशी दोन नावे जोडून तिसरे नाव तयार केले. ते तात्पुरते होते, पण जन्मभर चिकटले. यात लाज होती हे उघड आहे. पण ती लाज कसली होती? आपण अरब आहोत याची नव्हे. याचा पुरावा पुढे मिळाला. चित्रपटांच्या दुनियेत शिरताना स्टुडिओच्या बड्या मंडळींनी त्याला सांगितले की एवढे मोठे नाक चालणार नाही, शस्त्रक्रिया करून घे. त्याने नकार दिला. नाव दिले, नाक दिले नाही. या फरकावर विचार करण्यासारखे पुष्कळ आहे; आणि आपण वसई-साष्टीची माणसे तर त्याच्या नावाला नावे ठेवूच शकत नाही. परेरा, डिमेलो, लोपीस ही आपली आडनावे आपल्या पूर्वजांना पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर मिळाली, आणि तरी त्यांखाली आपली बोली, आपले लुगडे आणि आपला चेहरा शाबूत राहिला.

त्याच काळातील दुसऱ्या एका अरब नटाची हकिकत येथे शेजारी ठेवावीशी वाटते. मायकेल अन्सारा हा सीरियात १९२२ साली जन्मलेला आणि तान्हेपणीच अमेरिकेत आलेला. उंच, भारदस्त, घोगऱ्या आवाजाचा. १९५६ ते १९५८ या काळात तो दूरचित्रवाणीवर घरोघर पोहोचला, पण अपाची सरदार कोचीस म्हणून. पुढल्याच वर्षी पुन्हा एक अपाची, तोही कायद्याचा रक्षक. आणि १९६८ साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेत परग्रहावरचा योद्धा. तीच परग्रहवासीयाची भूमिका त्याने १९९४ आणि १९९६ सालीही केली. २०१३ मध्ये तो वारला. गुणी नट, परंतु त्याचा चेहरा त्याच्या स्वतःच्या लोकांसाठी क्वचितच उपयोगात आला. काळसर कातडीच्या स्थलांतरिताला तेव्हाचा अमेरिकन पडदा सामावून घेई, फक्त तो दुसरा कोणीतरी असावा ही अट असे.

डॅनीची मालिका १९५३ मध्ये सुरू झाली आणि अकरा वर्षे चालली. नायक डॅनी विल्यम्स, नाइटक्लबमधील गायक-विनोदकार, कामापायी सतत बाहेरगावी असणारा बाप. मालिकेचे नाव त्याच्या स्वतःच्या घरातून आले होते: तो दौऱ्यावरून परतला की मुलांना बाबांसाठी जागा करून द्यावी लागे. पहिल्याच पर्वांत, १९५५ साली, तिला आणि त्याला दूरचित्रवाणीचा एमी सन्मान मिळाला. आणि या मालिकेत एक लेबनीज काका होता, टोनूस नावाचा: गडगडाटी बोलणारा, पाहुणचारात बुडवून टाकणारा, कुळाचा अभिमान मिरवणारा. अमेरिकन दिवाणखान्यात एक अरब कुटुंब हसत-भांडत, जेवत-खात दिसले ते असे. गंमत अशी की टोनूस काकाची भूमिका करणारा नट हॅन्स कॉनरीड अरब नव्हता. असो. यशाचा आलेख पुढे निर्माता म्हणूनही चढतच गेला. त्याचा तपशील येथे नको.

वाट मिळाली होती. आता देवस्थानाचे काय?

नवस म्हणजे काय हे ख्रिस्तसभेच्या कायद्याने नेमके सांगितले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११९१ वे कलम म्हणते की नवस हे देवाला विचारपूर्वक आणि स्वेच्छेने दिलेले वचन असते, आणि ज्याचे वचन दिले ती गोष्ट शक्य व अधिक चांगली असावी लागते. संत थॉमस अक्विनास यांनी या विषयाचा ऊहापोह करताना एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. माणसाला दिलेले वचन त्या माणसाच्या फायद्याचे असते. देवाला दिलेल्या वचनाने देवाचा काहीच फायदा होत नाही, झाला तर तो वचन देणाऱ्याचाच. नवस आपली चंचल इच्छा एका खुंटीला बांधून ठेवतो. आम्हांला वाटते, अटींच्या भाषेचे रहस्य येथे आहे. याकोबाच्या तोंडी ‘जर’ असतो, कारण भ्यालेल्या माणसाला त्याच भाषेत बोलता येते. देव त्या ‘जर’कडे फारसे लक्ष देत नसावा, तो पुढच्या ‘तर’ची वाट पाहतो.

सगळेच नवस असे नसतात. इफ्ताहाने जिंकून आल्यावर घरातून जे प्रथम सामोरे येईल त्याचे होमार्पण करीन असा नवस केला आणि सामोरी आली त्याची एकुलती मुलगी. बोलताना तो मूर्ख होता आणि फेडताना अधर्मी, असा संत जेरोमचा निवाडा अक्विनास नमूद करतात. वाईट वचन पाळण्यात पुण्य नाही, हे आपल्या घरांतही कधीकधी सांगावे लागते: सुनेने केलेल्या नवसापायी आजारी लेकराला उन्हातान्हातून अनवाणी चालवत नेणाऱ्यांना तर अवश्य.

डॅनीने उभारायचे म्हटले होते ते देवस्थान. मनात असावा एखादा पुतळा किंवा वेदी. वर्षे जात गेली आणि कल्पना बदलत गेली. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याने आपले मन शिकागोचे कार्डिनल सॅम्युएल स्ट्रिच यांच्यापाशी मोकळे केले. डॅनी लहान असताना टोलेडोचे बिशप तेच होते. कार्डिनल मूळचे टेनेसी राज्यातले, तरुणपणी मेंफिसमध्ये धर्मगुरू म्हणून राबलेले. मुलांचे इस्पितळ काढायचे तर मेंफिसमध्ये काढ, असा सल्ला त्यांनी दिला. वेदीऐवजी इस्पितळ ही पळवाट नव्हे. खासगी नवस करणाऱ्याला तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या कार्यात स्वतः बदलता येतो, असे आजच्या संहितेचे ११९७ वे कलम स्पष्टच म्हणते.

मेंफिस हे तेव्हा गोऱ्यांची आणि काळ्यांची इस्पितळे, शाळा, पाणी पिण्याचे नळ वेगळे ठेवणारे शहर होते. याच शहरात १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. तेथे ४ फेब्रुवारी १९६२ रोजी संत ज्यूड बाल संशोधन रुग्णालय सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून त्याने मुलाचा रंग, धर्म किंवा बापाची ऐपत विचारली नाही. ताऱ्याच्या आकाराची ती पहिली इमारत पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराने मोबदला न घेता रेखाटून दिली होती. उपचाराचे, प्रवासाचे, राहण्याजेवणाचे बिल कोणत्याही कुटुंबाला द्यायचे नाही, हा दंडक आजतागायत चालू आहे. परळच्या टाटा रुग्णालयात मूल घेऊन गेलेल्या आणि आज रात्री पाठ कोठे टेकायची या विवंचनेत पडलेल्या आईबापांना या दंडकाची किंमत आम्ही सांगायला नको.

पैसा कोठून आला? एका नटाच्या मिळकतीतून एवढे इस्पितळ चालत नाही. १९५७ साली डॅनीने लेबनीज आणि सीरियन वंशाच्या लोकांना एकत्र करून एक धर्मादाय संघ स्थापिला. त्यांच्यापुढे त्याने विषय मांडला तो नवसाचा नव्हे, ऋणाचा: या देशाने आपल्या आईबापांना थारा दिला, त्याची परतफेड आपल्या नावाने करू या. दुकानदार, फेरीवाल्यांची मुले, वकील, मॅरोनाइट, ऑर्थोडॉक्स, मुसलमान असे सगळे कामाला लागले. नवस फक्त करणाऱ्याला बांधतो, असे ११९३ वे कलम आहे. या हजारोंना डॅनीच्या शब्दाने कोणीही बांधलेले नव्हते. ज्याने स्वतःचे नाव क्लबच्या दाराशी ठेवले होते, त्याने आपल्या लोकांचे नाव त्या संघाच्या शीर्षकातच घातले, हेही आम्हांला उल्लेखनीय वाटते.

आता सर्वांत कठीण भाग. हे रुग्णालय उघडले तेव्हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून शंभरांतली सुमारे चार मुले वाचत. उरलेल्या शहाण्णवांच्या आईबापांनी नवस बोलले नसतील का? त्या इस्पितळाच्या आवारात संत ज्यूडचा पुतळा उभा आहे; त्याच्यापुढे कोणी हात जोडले नसतील का? नवस जर किंमत असेल, तर या आईबापांना फसविले गेले. किंवा त्याहून भयंकर, त्यांची किंमत कमी पडली. मूल दगावल्यावर ‘फादर, आमच्या नवसात काय उणे राहिले?’ असा प्रश्न धर्मग्रामात विचारला जातो. तो विचारणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलेला कोणताही धर्मगुरू सातास सत्तरची गोष्ट पुन्हा सांगणार नाही.

पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल हे स्वतः पोलिओतून उठलेले होते. एक औषध थकले की दुसरे, ही तेव्हाची रीत सोडून त्यांनी अनेक औषधे एकत्र द्यायची आणि मेंदू व मज्जारज्जूत दडलेल्या रोगावरही मारा करायचा, अशी पद्धत आखली. एकामागून एक अभ्यास झाले. त्यांतील मुले बरीचशी गेली. पण प्रत्येकाने पुढच्यासाठी काहीतरी शिकवून ठेवले. दशकाच्या अखेरच्या पाचव्या अभ्यासात निम्मी मुले दीर्घकाळ जगली. त्या रोगात तेथे वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण आज ९४ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तेथे सापडलेले ज्ञान जगभरच्या डॉक्टरांना खुले असते. जी मुले पहिल्या वर्षांत गेली त्यांच्या आईबापांना हे आकडे सांत्वन देतात असे आम्ही म्हणणार नाही. एवढेच म्हणू, की डॅनीने मागितली होती ती वाट. वाट मागणाऱ्याला चालावे लागते. आणि त्या वाटेवर त्याच्याबरोबर ती मुलेही चालली.

याकोब लाबानाच्या घरी वीस वर्षे राबला आणि मग बेथेलला परतून त्याने वेदी बांधली. डॅनीला बावीसच्या सुमारास वर्षे लागली. पुढे तो आणखी एकोणतीस वर्षे देणग्या गोळा करीत हिंडला. नवस फिटला असे त्याने कधी जाहीर केले नाही. १९८५ साली अध्यक्ष रेगन यांनी त्याला अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक दिले. १९९१ च्या फेब्रुवारीत तो रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात होता. दोनच दिवसांनी, ६ तारखेला, हृदय बंद पडून वारला. त्याला त्या रुग्णालयाच्याच आवारात पुरण्यात आले.

राहिला एक प्रश्न, तो आमच्याकडे नेहमी येतो. लेकरू बरे झाले तर त्याच्या उंचीची मेणबत्ती लावीन असे आई बोललेली असते, आणि लेकरू जाते. ती मेणबत्ती आता लावायची की नाही? ११९४ वे कलम सांगते की ज्या अटीवर नवस अवलंबून होता ती अटच पुरी झाली नाही, तर नवस संपतो. तिच्यावर कसलेही बंधन उरत नाही. आम्ही तिला तसे समजावून सांगतो. ती ऐकून घेते, मान हलवते, आणि महिन्याच्या मिस्सेला मेणबत्ती घेऊन येते.